खापरखवल्याची शेपटी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी त्र्यंबकेश्वरजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवत होते. राहायला एका विधवा शेतकरणीच्या घरातली खोली होती. मी तिला मावशी म्हणे. त्या पावसाळ्यात तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

एका सकाळी मावशी परसात हळदीच्या वाफ्यात कुदळ मारत होती. मातीतून वीतभर लांबीचा, तपकिरी साप वर आला. तोंड टोकदार, आणि शेपटी तिरकी छाटल्यासारखी, खरबरीत. क्षणात तो भुसभुशीत मातीत शिरला.

"तुटला की वो बाई माझ्या हातानं," मावशी म्हणाली. "आता डूख धरल्याबिगर राहायचा नाय. लेकीला सासरी लावून देते."

सासर घाटापलीकडे, रस्ता खड्ड्यांचा, आणि मुलीचे दिवस भरत आलेले. मला रागच आला. "मावशी, तुटलेला साप जगत नाही," मी ठणकावून सांगितलं. म्हणजे तो तुटलाय हे मीही मान्यच केलं होतं. विज्ञानाच्या बाईंना तेवढीच शंका आली नाही.

मावशी ऐकेना. तिसऱ्या दिवशी तिने लेकीची पिशवी भरली. मी चिडून परसात गेले आणि वाफ्याकडेचे दगड उलटत सुटले. एका दगडाखाली तो मिळाला. फडक्यात उचलला, तर चावला नाही की फुसफुसला नाही, नुसता माझ्या बोटाला वेटोळं घालून राहिला. दारात मुलगी पोटावर हात ठेवून उभी होती. मी साप खाली टाकला आणि दगड घातला. मावशीने रॉकेल ओतून त्याला रीतीप्रमाणे जाळलं. पिशवी रिकामी झाली आणि आठवड्याने घरातच मुलगी जन्मली.

दोन पावसाळ्यांनी शाळेमागचा कुजका ओंडका हलवताना खाली तसलेच चार साप निघाले. चौघांच्याही शेपट्या तशाच छाटलेल्या. ओंडका हलवायला आलेला जंगलखात्याचा म्हातारा मजूर हसला. "खापरखवल्या हाय तो. शेपटी उपजतच तशी. गांडुळं खातो बिचारा, चावत बी नाय."

संध्याकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. आजोळी आलेल्या नातीला भरवता भरवता तिचा हात थांबला.

"म्हंजी माझी कुदळ लागलीच नव्हती?"

"नाही."

तिने मोठा श्वास सोडला. दोन वर्षं ती नागपंचमीला त्या सापाची क्षमा मागत होती, हे मला तेव्हा कळलं. "सुटले बाई," ती म्हणाली आणि नातीला पुढचा घास दिला.

मी तिथेच बसून राहिले. मला फार वाईट वाटत होतं. तिच्या हातून काही घडलंच नव्हतं. दगड मी घातला होता, आणि मला क्षमा मागायची सवय नव्हती.