फळा पुसू नका

गणिताच्या बाईंना पोरांनी 'तोफ' असं नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की पालकसभेतही एखादी आई 'तोफबाई' म्हणून जीभ चावायची. राग बाईंच्या नाकावरच असायचा. पण तो कशाचा असायचा हेही सांगायला हवं, नाहीतर बाईंवर अन्याय होईल. सातवीची निम्मी पोरं दरवर्षी गणितात गटांगळ्या खायची, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचं खापर दरवर्षी पोरांच्याच माथ्यावर फुटायचं. ते ऐकलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांच्या धाकट्या भावाला असंच कुणीतरी 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि बिल मात्र तो बायकोकडून करून घेतो.

म्हणून तर ही योजना त्यांनीच उकरून काढली. सगळ्या शिक्षकांनी मिळून एक धडा बसवायचा, एकानं शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून बघायचं, आणि मग तो पुन्हा मिळून सुधारायचा. मुख्याध्यापकांना 'प्रकल्प' हा शब्द आवडला आणि फोटो निघतील हे त्याहून आवडलं. बैठकीत बिस्किटांची बशी फिरली, एकमेकांचं कौतुक फिरलं, कामाचं कुणी बोलेना. शेवटी बाईंनी टेबलावर हात आपटला.

"हे बघा, धडा झाल्यावर 'छान झाला, छान झाला' असलं काही नकोय मला. चूक दिसली की तिथल्या तिथे हात वर करायचा. मुलांसमोर. माझी असली तरी."

"अगदी, अगदी," सगळे म्हणाले. नवीन आलेले सर गणिताचेच होते. त्यांनी तर मान जरा जास्तच हलवली.

पहिला धडा अर्थातच बाईंचा. विषय त्रिकोणाचं क्षेत्रफळ. चित्रकलेच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्याबरोबर त्या रोज डबा खायच्या त्या मैत्रिणीनं, पुठ्ठ्याचे आयत कापून आणले होते. आयत तिरका कापला की दोन सारखे त्रिकोण होतात आणि पोरांना सूत्र घोकावं लागत नाही, अशी सगळ्यांनी मिळून काढलेली युक्ती होती. पण मागे ओळीनं बसलेली मंडळी बघून बाई गडबडल्या. कात्री अडकली, वेळ गेला, आयत टेबलावरच राहिले. त्यांनी घाईघाईनं फळ्यावर सूत्र लिहिलं, लाल खडूनं भोवती चौकट काढली, तीन गणितं सोडवून दाखवली. घंटा झाली.

"फारच सुंदर!" मुख्याध्यापक म्हणाले. "आदर्श पाठ," नवीन सर म्हणाले. फोटो निघाले. उद्या आणखी काढू म्हणून शिपायाला हुकूम सुटला की फळा पुसू नका. बाई त्या दिवशी घरी कुणावरही ओरडल्या नाहीत, तेव्हा नवऱ्यानं काळजीनं विचारलं, "बरं आहे ना तुला?"

सकाळी घंटेआधीच त्या वर्गात आल्या आणि दारातच थबकल्या. लाल चौकटीत त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पाया गुणिले उंची'. भागिले दोन कुठेच नव्हतं. खालची तिन्ही उत्तरं दुप्पट. अख्खा वर्ग ते चुकीचं उतरवून घरी घेऊन गेला होता, आणि मागे बसलेल्या मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या!

त्या तरातरा शिक्षकांच्या खोलीत शिरल्या. "कुणाला दिसलं नाही?"

नवीन सर बुटांकडे बघत पुटपुटले, "दिसलं होतं, बाई."

"मग हात काय घरी ठेवून आला होतात?"

"अहो, मुलांसमोर ते कसं दिसलं असतं?" मुख्याध्यापक मध्ये पडले.

"आणि मुलं चुकीचं शिकली ते छान दिसलं? फोटोत?" बाईंचा आवाज चढला. मग त्या मैत्रिणीकडे वळल्या. सगळ्यांत जास्त तिचंच गप्प बसणं लागलं होतं. "आणि तू गं? तूसुद्धा?"

चित्रकलेच्या बाईंनी कप खाली ठेवला. "मागच्या वर्षी तुला म्हटलं होतं, फळ्यावर अक्षर बारीक येतंय, मागच्यांना दिसत नाही. आठवतंय? महिनाभर अबोला धरलास. डबासुद्धा वेगळा खाल्लास."

"ते वेगळं होतं!" बाई एवढ्यानं ओरडल्या की बाहेर शिपायाच्या हातातली बादली हिंदकळली. "चला. सगळे वर्गात चला."

एव्हाना घंटा होऊन पोरं जागेवर बसली होती. मंडळी पुन्हा मागच्या बाकांवर बसली. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "काल मी इथे चुकीचं लिहिलं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात आलं होतं?"

कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू. खिडकीजवळचा एक हात वर झाला. मग दुसरा. मग बघता बघता निम्म्या वर्गाचे हात वर. ज्या पोरांसाठी त्या जगाशी भांडत होत्या, त्यांतलेही होते.

"मग बोलला का नाहीत?"

हे मात्र नेहमीच्या आवाजात आलं. सगळे हात एकदम खाली गेले.

बाईंना जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग अजून होता, भरपूर होता, पण तो आता काढायचा कुणावर? त्यांनी डस्टर उचललं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे धरलं.

"ये. तू दुरुस्त कर."

मुलगी उठली. फळ्यापाशी गेली, चौकटीवर डस्टर टेकवलं, आणि पुसण्याआधी वळून बाईंचा चेहरा बघून घेतला.