भोंग्याला मागे वळलेला माणूस

सर्व संबंधितांस, म्हणजे हयात आणि दिवंगत अशा दोन्ही प्रकारच्या रहिवाशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पाताळात उतरायचा रस्ता भोपाळमध्ये आहे. रायसेन रोडने आनंद नगरच्या अलीकडे वळलं की कारखान्याचं गेट लागतं. तेच ते. हा शोध मी वयाच्या चोविसाव्या वर्षी लावला, आणि जगाला अंधारात ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यावर कादंबरी लिहायला घेतली.

दोष कॉलनीच्या वाचनालयाचा. तिथे ग्रीक पुराणकथांचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि माझ्याआधी ते कोणी नेलेलं नव्हतं. त्यात एका गवयाची गोष्ट होती. त्याची बायको साप चावून मरते. तो तिच्यामागे पाताळात जातो आणि असा गातो की तिथला राजासुद्धा विरघळतो. राजा म्हणतो, ने तिला, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. ती मागून चालत असते. गवई अगदी शेवटी, ती येतेय ना या शंकेने, वळतो, आणि ती कायमची जाते.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो, एकटा होतो, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मला काही काम नसे. मी ते सगळं ग्रीस उचलून आमच्या कॉलनीत आणलं. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी म्हणजे आमच्या शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर, जो तोंडात पान असल्यामुळे कोणाशीच बोलत नसे. पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा म्हणजे एका बाकावर बसलेले तीन सुरक्षारक्षक. एक म्हणे, "पास?" दुसरा म्हणे, "किससे मिलना है?" आणि तिसरा, "टिफिन में क्या है?" पाताळाचा राजा हा एक वरिष्ठ साहेब होता. त्याला कोणीही पाहिलेलं नव्हतं, फक्त त्याच्या सहीच्या फायली खाली येत. भुतंखेतं, भुयारं, ट्रान्सफॉर्मरच्या आत अडकलेले आत्मे, सगळा माल भरपूर होता.

ही कादंबरी आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखित मासिकात क्रमशः येई. मासिकाची प्रत एकच. पुण्याची, नागपूरची, इंदूर-ग्वाल्हेरची अशी चाळीसेक घरं होती; एकेका घरी प्रत दोन दिवस राहायची, शेवटच्या पानावर सही करून शेजारी द्यायची. आणि सगळ्यांचं लेखन एकाच हाताने उतरवलेलं असे. तो हात माझ्या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांचा. काका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचं अक्षर असं की कोणाची टुकार कवितासुद्धा मंजूर झालेल्या नकाशासारखी दिसायची.

काकूंनी मला दोन वर्षं जेवू घातलं होतं. भिंतीवर लाटणं आपटलं की मी ताट घेऊन जायचं, अशी पद्धत. आदल्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि कॉलनीच्या दवाखान्यात दहाव्या दिवशी गेल्या. त्या दुपारी काका अर्ध्या दिवसाच्या रजेवर त्यांच्यापाशी बसले होते. दुपारचं गेट उघडल्याचा दोनचा भोंगा झाला, तसे ते उठले आणि कारखान्यात गेले. गेटवर कार्ड पंच केल्याशिवाय कोणालाच आत सोडत नसत; ते पंच करताना चार जणांनी पाहिलं. तासाभरात परत आले, तोवर काकू गेलेल्या. कॉलनीत हळू आवाजात एकच बोललं गेलं: बायको शेवटच्या घटका मोजतेय, आणि हा माणूस हजेरी लावायला गेला.

आता माझा पराक्रम ऐका. माझ्या कादंबरीचा नायक गवई नव्हता. ड्राफ्ट्समन होता. सातव्या भागात तो बायकोला घेऊन पाताळाचा जिना चढतो, शेवटच्या पायरीवर पाय ठेवतो आणि भोंगा होतो. सव्वीस वर्षांच्या सवयीने तो टाइम ऑफिसकडे वळतो. संपलं. ग्रीकांचा गवई शंकेने वळला होता. माझा माणूस हजेरीसाठी वळला. हे ग्रीकांना सुचलं नव्हतं, मला सुचलं होतं! त्या रात्री मी आरशासमोर उभा राहून स्वतःला शाबासकी दिली, हेही इथे नमूद करतो.

अगदीच बेशरम नव्हतो. हा भाग काकांकडे जाऊ नये, आपण स्वतः उतरवावा, असं ठरवलं होतं. तशी चिठ्ठीही लिहिली होती मंडळाच्या चिटणीस बाईंसाठी. पण मामेबहिणीच्या लग्नाला इंदूरला निघायची घाई होती. माझा भाग अंकाच्या फाइलीत घालून ती बाईंच्या हातात दिली, आणि चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात बसून इंदूरला गेली. फाइलीत जे असेल ते सगळं काकांकडे जायचं, ही मंडळाची रीत. बाईंनी रीत पाळली.

दहा दिवसांनी परतलो तेव्हा मासिक दुसऱ्या घरी पोचलं होतं. तिथेच उभ्याने उघडलं. सातवा भाग पूर्ण होता. एक वेलांटी चुकली नव्हती, एक ओळ खाली घसरली नव्हती. मथळ्याभोवती काकांनी लाल शाईने गेटची बारीक कमान काढली होती.

मी तसाच काकांकडे गेलो.

"काका, तो माझा भाग..."

"हो, उतरवला. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या."

"कुठल्या?"

"पंचिंगचं मशीन गेटच्या डाव्या हाताला आहे. तू उजव्या लिहिलंस. आणि तेवढ्या उंचीच्या जिन्याला बावीस पायऱ्या लागत नाहीत रे, अठरात होतो."

"काका, मला खरं म्हणजे..."

"चहा टाकू?"

त्यांनी चहा टाकला. साखर फार झाली होती. मला त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं, आणि मी अर्धा तास इंदूरच्या लग्नाच्या नकला करून दाखवल्या. रुसलेला व्याही, घोड्यावरून घसरलेला नवरदेव, सगळं. काका हसले. हसायला लावलं की माफी मागितल्यासारखं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं, हे माझं दुखणं आहे.

पुढच्या महिन्यात काकांनी फाइल परत पाठवली. डोळे साथ देत नाहीत म्हणाले. ऑफिसात मात्र केसासारख्या रेघा काढत होते. मासिक इतरांच्या गिचमिड अक्षरात वर्षभर कसंबसं चाललं आणि बंद पडलं. मी आठवा भाग लिहिलाच नाही.

पण चाळीस घरांनी सातवा भाग वाचला होता. जे आधी हळू आवाजात बोललं जाई, त्याला आता माझ्यामुळे चांगली भाषा मिळाली होती. पोह्यांच्या ठेल्यावर एक जण काकांना म्हणाला, "चलो काका, भोंगा हो गया!" आणि सगळे हसले. मीही तिथे होतो. मी पोहे खात राहिलो.

चार वर्षांनी काका निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे नाशिकला कायमचे निघणार होते. मंडळाच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला आणि सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे आलं. मी ठरवलं, आज हा डाग धुवायचा. चारचौघांत लागलाय, चारचौघांतच काढायचा. त्या समारंभानंतर मी काकांना किती पत्रं लिहायला घेतली आणि किती फाडली, ते सांगत नाही. पोस्टात एकही पडलं नाही. नाशिकहून ते वारल्याची बातमी आली तीही मंडळाच्या फलकावर वाचली.

तर, मी माइक हातात घेतला. काका हार, शाल आणि श्रीफळ सांभाळत खुर्चीत बसलेले. मी आवाज चढवला. म्हटलं, "मंडळी, काही लोक हसले. पण मी म्हणतो, याला म्हणतात कर्तव्य! सहधर्मचारिणी अखेरच्या वाटेवर असताना, काळीज दगडाचं करून, भोंग्याच्या हाकेला जो माणूस धावतो..."

टाळ्या सुरू झाल्या. चिटणीस बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात काका उठले. नारळ मांडीवरून घरंगळत माझ्या पायापर्यंत आला. त्यांना माइक द्यायचंही मला सुचलं नाही, पण त्याची गरज पडली नाही. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"अरे, हजेरी कसली लेका! तिला आतल्या कँटीनची कचोरी खावीशी वाटली होती, आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं, म्हणून चोरून आणायला गेलो होतो मी!"