बिनकारणाचं औषध

आमच्या ह्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं एक जॉब, म्हणजे कातायला लावलेला भाग, बाद निघाला की मशीन बंद. टूल झिजलंय, जॉब पकडणारा चक ढिला झालाय की कामगाराचं लक्ष नव्हतं, ते सापडल्याशिवाय पुढचा जॉब लावायचा नाही. गेल्या वर्षी ह्यांच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली. उरल्यासुरल्या पेशींसाठी डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन घ्यायला सांगितलं, तर हे अडून बसले.

"आधी कारण सांगा. तंबाखू न्हाय, दारू न्हाय. मलाच का झालं?"

डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा कारण सापडत नाही. झालं! सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायची तारीख मिळालेली, आणि हे म्हणतात, कारण कळल्याबगार औषध घेणार न्हाय.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. किरणोत्सारी अणू कधी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही, हे दरवर्षी मोठ्या तोऱ्यात सांगते. आपलं ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. हाच अणू आत्ताच का फुटला, याला कारणच नसतं. वर्ग गोंधळतो, मला मजा वाटते. आता तेच घरात बोलायची वेळ आली आणि माझीच जीभ अडखळायला लागली.

"अहो, पेशीत एखादा बदल होतो उगीचच."

"उगीच? उगीच जॉब बाद होतोय व्हय? तुला सापडंना म्हण की!"

खरंच, मला सापडत नव्हतं, की तिथं काही नव्हतंच? अणूचा नियम पेशीला लावायचा की नाही, तेही धड कळेना. इतकी वर्षं मी शिकवलं तरी काय, देव जाणे. मी चिडून म्हणाले, "ते राहू दे. औषधाचं ऐका. त्यातला एकेक अणू कधी फुटेल सांगता येत नाही, पण सगळ्यांचा मिळून अंदाज पक्का असतो."

हे ताठ झाले. "म्हंजे औषध पण तसलंच? रोग बिनकारणाचा, त्यावर औषध बी बिनकारणाचं! आणि ह्याचा पगार घेतीस तू?"

मला हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत. "सगळ्यांचं घिऊन मी काय करू? मी एकटाच हाय की," असं हळूच म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की माणूस घाबरलाय.

रविवारी संध्याकाळ झाली तरी बॅग भरलेली नव्हती. मशीनच्या तेलाच्या वासानं झालं असेल, असं ठोकून द्यावं आणि मोकळं व्हावं, असं सारखं वाटत होतं. पण तोंडातून निघेना.

"मी बरा हुईन, हे तुला ठाऊक हाय?"

"नाही."

"तरी चला म्हणतीस?"

"हो."

"का?"

"मला नाही माहीत!" मी ओरडलेच. "मला तुम्ही पाहिजे आहात, बस्स! आता ह्याचंही कारण विचारू नका."

ते उठले. त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली. मी शर्टांच्या घड्या घालायला बसले. एकही घडी सरळ येईना. ते मुकाट्यानं त्या वाकड्या घड्या तशाच बॅगेत ठेवत गेले.