काळ्या कागदातली बाटली

फ्रिज साफ करण्याची माझी यादी चार कलमांची होती. एक, स्विच बंद. दोन, बाटल्या बर्फाच्या ट्रेमध्ये. तीन, बर्फ वितळल्यावर कप्पे पुसणे. चार, बाटल्या मोजून परत. सत्तरच्या दशकात पिंपरीच्या एका औषध कंपनीत, संशोधन विभागाचं स्टोअर माझ्याकडे होतं. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी प्रयोगशाळा रिकामी असे, म्हणून महिन्यातल्या दोन गुरुवारी मी आणि चिंचवड गावठाणातले आमचे शिपाईमामा येऊन हे काम उरकत असू.

विभागात एक मुलगी होती. घरातली पहिली एम.एस्सी., वडील जवळच्याच कारखान्यात कामगार. वर्षाच्या करारावर आलेली. काम जमलं तर कायम, नाहीतर घरी. विषमज्वराचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली लवकर ओळखता यावा, हे तिचं काम. त्यासाठी परदेशातून एक बोटभर बाटली आली होती. आत काय आहे, हे तिने एकदा चहाच्या वेळी आम्हाला समजावलं.

"ताई, सशाच्या रक्तातली पहिली अँटिबॉडी जंतूला धरते. पण ती दिसत नाही. मग ही दुसरी, बकरीची, त्या पहिलीला धरते. हिला रंग जोडलेला असतो, तो हिरवा चमकतो."

मामा म्हणाले, "आमच्यात बत्तीवाला वरातीच्या म्होरं चालतो. तुमचा माघनं येतोय व्हय?"

"मागून येतो, पण त्याच्यामुळेच नवरदेव दिसतो, मामा!"

पहिल्या महिन्यात तिने मला अंधाऱ्या खोलीत नेऊन दाखवलंही. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या, लखलखीत काड्या. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा बाजूला घेईपर्यंत ती श्वास रोखून उभी होती.

ही बाटली ती काळ्या कागदात गुंडाळून ठेवी. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण प्रत्येक गटाने आपापल्या बाटल्या वेगळ्या रंगाच्या कागदात गुंडाळायच्या हा नियम मीच केला होता. लाल एकाचा, निळा दुसऱ्याचा. हिने काळा घेतला असेल, एवढंच. गुरुवारी कागद ओले होत, म्हणून सगळे कागद काढून मी खिडकीत वाळत घाली. शेजारच्याच टेबलावर, उन्हात, बर्फाच्या ट्रेमध्ये बाटल्या दोन-अडीच तास उभ्या असत. बर्फ कमी पडू नये याकडे माझं बारीक लक्ष असे. मग सुकलेले कागद ज्याचे त्याला गुंडाळून मी फ्रिज बंद करी. शुक्रवारी सगळं होतं तसंच दिसे.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या तिच्या काचा हळूहळू फिक्या पडत गेल्या. तिने धुण्याचं पाणी बदललं, ससा बदलला, उशिरापर्यंत थांबू लागली. सहाव्या महिन्यात हिरवं काही दिसेनासंच झालं. विभागाच्या साहेबांनी बैठक बोलावली. रजिस्टर घेऊन मीही होते.

साहेबांनी तिला विचारलं, "बाटलीला उजेड लागला नाही ना? उजेडाने हा रंग मरतो."

"नाही साहेब. काळा कागद मी एकदाही काढून ठेवला नाही."

माझ्या हातातलं रजिस्टर एकदम जड झालं. साहेब माझ्याकडे वळले. "स्टोअरचं काय?"

मी म्हणाले, "बाटली कायम थंड होती, साहेब. नोंद आहे."

नोंद होतीच. शब्दन् शब्द खरा होता.

"मग तुमच्या हाताचाच दोष," साहेब तिला म्हणाले.

बाहेर आल्यावर मामांनी मला जिन्यात गाठलं. "बाई, गुरुवारी आपन कागद काढतो नव्हं? साहेबास्नी सांगाया पायजे."

"तुम्ही ट्रे धुवा," मी म्हणाले. त्यानंतर मामा माझ्याशी कामापुरतंच बोलले.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, याची यादी मी पुढे अनेकदा केली. मला मेमो मिळाला असता. फार तर बदली. नवी बाटली मागवली असती आणि तिला मुदतवाढ. कुठल्याही बाजूने मांडली तरी माझं नुकसान किरकोळ निघतं.

तिचा करार वाढला नाही. जाताना तिने अॅप्रन, चिमटे, उरलेला काळा कागद असं सगळं नीट घडी घालून माझ्याकडे जमा केलं. मी यादीवर तिची सही घेतली. त्याच आठवड्यात माझ्या यादीत पाचवं कलम आलं: काळे कागद काढू नयेत. साहेब ते वाचून म्हणाले, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

काही वर्षांनी ती चिंचवड स्टेशनवर भेटली. लोणावळ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. माझी विचारपूस केली, मामांची केली. मग हसून म्हणाली, "ताई, अजून कधीतरी ते काम आठवतं. कुठे चुकले, तेच कळलं नाही मला."

मी तिला शाळेची वेळ विचारली. लोकल वीस मिनिटं उशिरा होती. सांगायला तेवढी पुरली असती.