बाबांची गोळी आणि भावाची गोळी

आमच्या किन्हवलीच्या घरात गोळी म्हटलं की औषधाची नव्हे, रायफलची. बाबा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन भातशेतीला लागले होते आणि धाकटा भाऊ नुकताच भरती झाला होता. बाबांनी सगळी नोकरी एसएलआर या जुन्या रायफलीवर काढली. भावाच्या हाती तिच्या जागी आलेली इन्सास आली.

भाऊ पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा बाबांनी तब्येत विचारली, जेवणाचं विचारलं आणि मग गोळी केवढी ते विचारलं. भावाने करंगळीचं पेर दाखवलं, म्हणाला, जाडीला याच्याही निम्मी. बाबा हसत सुटले. एवढ्याशा गोळीने कावळा तरी मरेल का, असं ते आईला विचारू लागले. त्यांची गोळी जाड, लांब पल्ल्याची. झाडाआड लपलेल्यालाही सोडायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

भाऊ चिडला नाही. गोळी बारीक असली तरी वेगाने जाते, धक्का कमी बसतो, म्हणून नेम हलत नाही, हे त्याने समजावलं. लढाई बहुतेक वेळा जवळूनच होते, तिथे लांबचा पल्ला घेऊन करायचं काय, असंही म्हणाला. बाबांनी पानाला चुना लावता लावता सगळं ऐकलं आणि एकही गोष्ट मान्य केली नाही.

शेवटी भावाने दोन पिशव्या घेतल्या. तीनशे जुन्या गोळ्यांचं जेवढं वजन होईल तेवढे तांदूळ एकीत भरले, तीनशे नव्या गोळ्यांएवढे दुसरीत. दुसरी पिशवी पहिलीच्या निम्मीच भरली. मग त्याने बाबांना गावामागच्या टेकडीवर चला म्हटलं. मी तेव्हा शहापूरच्या शाळेत शिकवत होते. रविवार होता, म्हणून पंच म्हणून मलाही ओढलं.

बाबांनी जड पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि हलकी माझ्याकडे दिली. चढावर ते पुढे होते. भाऊ दोनदा म्हणाला, बाबा, द्या इकडे. त्यांनी दिली नाही. माथ्यावर पोचल्यावर मात्र ते करवंदीच्या जाळीशेजारी धापा टाकत बसले. मी घाबरले. भाऊ पाणी घेऊन धावला.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या ट्रेनिंगच्या उस्तादाला एसएलआर आवडायची नाय. त्याच्या येळच्या थ्री नॉट थ्रीनंतर बंदूकच झाली नाय म्हणायचा. दर गोळीला बोल्ट ओढायचा, त्यात मर्दानगी, म्हणे. आमी पाठीमागं हसायचो त्याला."

मग माझ्याकडची पिशवी त्यांनी हातात घेऊन तोलली.

"डोंगरात आमी गोळ्या वाहून वाहून मेलो रे," ते भावाला म्हणाले. "तुझी बरी हाय."

उतरताना दोन्ही पिशव्या भावाकडे होत्या. त्या तांदळाचा आईने रात्री भात केला आणि रायफलीचा भात म्हणून सगळ्यांना वाढला.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, म्हणजे अगदी अलीकडे, भावाचा फोन आला. बाबांना ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. त्यांच्या तुकडीला नवी रायफल मिळाली होती.

"बाबा, बोअर तुमचीच हाय," तो म्हणाला. "सेव्हन सिक्स टू. मोठी गोळी परत आली."

मला वाटलं, आता बाबा गाव डोक्यावर घेणार. पण ते एवढंच म्हणाले, "जड हाय काय रे? खांदा दुखतो?"

भाऊ नाही म्हणाला. नव्या रायफलीवर दुर्बीण बसते, गोळी मोठी असली तरी धरायला सोपी आहे, असं त्याने सांगितलं. तेव्हा कुठे बाबा खुलले. फोन ठेवून ते नाक्यावरच्या चहावाल्याकडे गेले आणि सरकारला शेवटी आपलंच पटलं, असं चहाला आलेल्या प्रत्येकाला सांगून आले.

यंदा म्हसा गावच्या जत्रेला भाऊ सुट्टीवर होता, म्हणून आम्ही सगळेच गेलो. बाबा आणि भाऊ बैल बघायला निघाले आणि फुगे फोडायच्या दुकानापाशी अडकले. छऱ्याची बंदूक, समोर फुग्यांची पाटी. दोघांचेही नेम चुकले. नळी वाकडी आहे, असं भाऊ म्हणाला. बाबांच्या मते माशी, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकाची खूण, डावीकडे सरकली होती. दुकानदाराने दोघांचं ऐकता ऐकता पुन्हा छरे भरले. मी आणि आई गोडी शेव खात बाकड्यावर बसून राहिलो. बैल बघायचे राहूनच गेले.