एकच फटका

धंतोलीतल्या दवाखान्याच्या आवारात माळी गवत कापत होता. त्या हिरव्या वासानं मला इंग्रजांच्या काळातलं गोल्फचं मैदान आठवलं. माझे यजमान तिथे साहेबाच्या काठ्यांची पिशवी वाहायचे. एके सकाळी मी डबा घेऊन गेले, तेव्हा साहेबानं गमतीनं काठी त्यांच्या हाती दिली होती. त्यांनी मारलेला चेंडू उंच गेला आणि थेट भोकातल्या झेंड्यापाशी टेकला.

"पाहिलं काय वं?" ते ओरडले. असा उजळलेला चेहरा मी कधीच पाहिला नव्हता.

"साहेब, और एक बार?" त्यांनी विचारलं. साहेबानं हसून काठी काढून घेतली.

पुढं मरेपर्यंत ते त्या दुसऱ्या फटक्याची वाट पाहत राहिले. त्या सकाळी मला अभिमान वाटला होता. आता वाटतं, चेंडू चुकला असता तर ते सुखानं ओझं वाहत राहिले असते.