अठ्ठेचाळीस औंस

कॉव्हेंट्रीत रिंग रोडच्या पलीकडे एक स्टेकहाउस होतं. ऐंशीच्या दशकात, ए-लेव्हल, म्हणजे तिकडची बारावी, करत असताना, मी तिथं शनिवारी आणि सुट्टी असली की रोज दुपारी वेट्रेसचं काम करायचे. घरी सांगितलं होतं की कॅफेत काम मिळालंय. बीफची अडचण आमच्या घरात नव्हती. आम्ही बौद्ध, आई महिन्यातून एकदा तरी बीफचा रस्सा करायची. पण त्या जागी किती अन्न टाकलं जातं हे बाबांना कळलं असतं, तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी पाठवलं नसतं.

आमच्या घरी ताटात काही उरत नसे. बाबा जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालत, बोटानं ताट फिरवून धूत आणि ते पाणी पिऊन टाकत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. शाळेतली मैत्रीण घरी आली की मी देवाला नाही, पण कुणाला तरी विनवायचे, की आज बाबा उशिरा जेवू देत.

स्टेकहाउसचा मालक पूर्वी खाटीक होता. अंगानं आडवा, स्वभावानं बरा. त्यानं एक पैज ठेवली होती. अठ्ठेचाळीस औंसांचा एकच स्टेक, म्हणजे सव्वा किलोच्या वर मांस, त्याच्याबरोबर बटाट्याच्या फोडी तळून केलेल्या चिप्स, तळलेला कांदा आणि मटार. तासाभरात सगळं संपवलं तर जेवण फुकट आणि भिंतीवर फोटो. तो स्टेक लांबट थाळीच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबायचा. मी तो दोन्ही हातांनी धरून आणायचे, टेबलावर घड्याळ ठेवायचे आणि बाजूला व्हायचे.

बहुतेक जण निम्म्यावर थांबत. पहिली पंधरा मिनिटं मस्करी चाले. मग बोलणं बंद होई. मग तो माणूस सुरी खाली ठेवून खिडकीबाहेर बघायला लागे. त्याचे मित्र ओरडत राहत, पण त्याचं लक्ष नसे. तो उठून गेला की उरलेलं मी मागच्या बाजूला नेऊन बिनमध्ये लोटायचे. पहिल्या आठवड्यात माझा हात अडायचा. नंतर अडेनासा झाला.

मालकाला मी एकदा विचारलं होतं, की एवढं मोठं कशाला करायचं, कुणी खात तर नाही. तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रेशनिंगमध्ये वाढलेला होता. त्यानं सांगितलं की त्याच्या लहानपणी आठवड्याला मांसाचा एक तुकडा यायचा, तो वडिलांच्या ताटात जायचा आणि मुलं रस्सा पुसून खायची. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं की आपल्या दुकानातून कुणी भुकेलं जाणार नाही. हे सांगताना तो अजिबात हसत नव्हता.

बाबा फाउंड्रीत होते. मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतायचं काम. अठरा वर्षं एकाच ठिकाणी काढली आणि मग एका जुलैमध्ये ती फाउंड्री बंद झाली. शेवटच्या दिवशी दुपारी बारालाच सगळ्यांना सोडलं. बाबांच्या सेक्शनमधल्या लोकांनी एकत्र जेवायला जायचं ठरवलं होतं. कुठं, ते बाबांना माहीत नव्हतं आणि मला तर हेच माहीत नव्हतं की ते जाणार आहेत.

एक वाजता दार उघडलं आणि सात-आठ माणसं आत आली. शेवटचे बाबा होते. कोट घातलेला, केस पाण्यानं बसवलेले. मी एप्रन बांधून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. मीही वही काढली आणि एकेकाची ऑर्डर घ्यायला लागले. ही त्यांची मुलगी हे कळल्यावर सगळे खूश झाले. त्यांच्यातल्या एकानं माझ्या शाळेची चौकशी केली.

बाबांची पाळी आली तेव्हा त्यांचा फोरमन मध्येच बोलला. त्याचा हेतू वाईट नव्हता, उलट काळजीच होती. तो मला म्हणाला, याच्यासाठी काहीतरी भाजीचं बघ, यांच्यात गाय चालत नाही. अठरा वर्षं तो माणूस बाबांच्या शेजारी उभा होता. बाबा कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात बसून डबा खायचे आणि डब्यात काय आहे हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी मेनू मिटला आणि भिंतीवरच्या पैजेच्या पाटीकडे बोट केलं.

"मला तो," ते इंग्लिशमध्ये म्हणाले.

टेबलावर एकच हशा पिकला. मी वाकून मराठीत म्हटलं, "बाबा, तो खायला नसतो. तो बघायला असतो."

"तू आण," ते म्हणाले.

मी आणला. घड्याळ ठेवलं. बाबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि जेवायला सुरुवात केली. जिंकायला बसलेली माणसं घाईनं मोठाले तुकडे गिळायची. बाबांनी तसं केलं नाही. एकसारखे लहान तुकडे कापले, एक एक चावून खाल्ला. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. फाउंड्रीत ते कसे काम करत असतील ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं असं मला वाटलं.

अर्धा तास झाला तेव्हा बाकीच्यांचं जेवण आटोपलं होतं. चाळीस मिनिटांनी टेबल शांत झालं. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. फोरमननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की राहू दे आता, कुणाला काही दाखवायचं नाहीये. बाबांनी मान हलवली आणि पुढचा तुकडा कापला. मांस संपल्यावर त्यांनी कांदा आणि मटार खाल्ले. चिप्स खाल्ल्या. शेवटी ब्रेडच्या तुकड्यानं थाळी पुसून घेतली.

सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मालक कॅमेरा घेऊन आला. बाबा टेबलाचा आधार घेऊन उठले आणि त्यांनी हात आडवा केला. फोटो नको म्हणाले. मालकाला वाटलं लाजताहेत, त्यानं दोन-तीनदा आग्रह केला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला, मांस चांगलं होतं असं सांगितलं आणि फोटोला नाही ते नाहीच म्हटलं.

माझं काम चारला संपायचं. बाहेर आले तर बाबा समोरच्या बुटक्या भिंतीवर बसलेले होते. तिघेजण त्यांना गाडीतून घरी सोडायला तयार होते, पण ते थांबले होते. आम्ही चालायला लागलो. थोडं गेल्यावर त्यांना मळमळायला लागलं, म्हणून बस शेल्टरमधल्या बाकावर बसलो. मी म्हटलं, ओकून टाका, बरं वाटेल. ते म्हणाले, आतलं बाहेर काढायचं नाही.

मला राग आला होता. कुणावर ते नीट कळत नव्हतं. मी विचारलं, "एवढं कशाला खायचं? ते म्हणत होते ना, सोडा म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम गावाबाहेरच्या आमच्या वस्तीचं होतं. त्याचं मांस वस्तीत वाटलं जायचं. उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून, वाळवून ठेवत. त्यांना चान्या म्हणत. पावसाळ्यात, काही नसेल तेव्हा, त्या भाजून खायच्या. मग बाबा सात-आठ वर्षांचे असताना वस्तीची बैठक बसली आणि ठरलं की मेलेलं जनावर ओढायचं नाही, खायचं नाही. आजीनं घरी येऊन छपराला टांगलेल्या सगळ्या चान्या काढल्या आणि कुत्र्यांपुढे टाकल्या.

"घरात दुसरं काही नव्हतं," बाबा म्हणाले. "मी कुत्र्याच्या तोंडातली एक ओढली. आईनं बघितलं. तेवढं एकदाच तिनं मला मारलं."

बाबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"तिचं बरोबर होतं. आज मी माणसासारखा उभा आहे तो तिच्यामुळं. पण पोटाला ते कळत नव्हतं, बाई. आणि आज टेबलावर ताजं मांस आलं. माझ्या लेकीनं आणून ठेवलं. ते अर्धं टाकून उठू?"

"मग फोटो का नको म्हणालात?"

"खाल्लं म्हणून कसला फोटो? अठरा वर्षं काम केलं, त्याचा कुणी काढला नाही."

त्या सोमवारी मी स्टेकहाउसचं काम सोडलं. मालकानं कारण विचारलं तेव्हा अभ्यासाचं नाव सांगितलं.

ही गोष्ट कॉव्हेंट्रीतल्या मराठी मंडळींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मराठी मंडळाच्या गणपतीला एक काकू आईला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भावजींनी म्हणे अख्खी गाय खाल्ली." आई म्हणाली, "अख्खी नव्हे, तुकडा होता. उरला नाही, एवढंच." तेव्हापासून आम्ही मंडळात जाणं कमी केलं.

बाबांना पुन्हा तसं काम मिळालं नाही. ते घरी असत आणि खात असत. पूर्वी दिवसभर भट्टीपुढं घाम गाळणाऱ्या माणसाचं जेवण होतं, ते तसंच चालू राहिलं. काम तेवढं गेलं. दोन-तीन वर्षांत त्यांना डायबेटिस निघाला. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत होते. काय शिकायचं हे ठरवताना मी बाबांचा विचार केला होता का, हे मला आज सांगता येणार नाही, पण मी आहारशास्त्र शिकले आणि नव्वदीच्या सुरुवातीला रीडिंगच्या एका हॉस्पिटलात डायटिशियन म्हणून लागले.

घरी येताना मी एक प्लास्टिकची ताटली आणली. तिच्यावर रेघा आखलेल्या होत्या, भाजी किती, भात किती, मांस किती. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पेशंट डॉक्टरचं ऐकतो तसं, आणि ताटली धुऊन जागेवर ठेवली. आईला मी सांगितलं की तूच कमी वाढ. आई तसं करायला लागली. त्यांच्या ताटात ठरलेलं वाढायची आणि पातेलं न्हाणीघराशेजारच्या कपाटात ठेवून यायची.

एका रविवारी आईचा फोन आला. बाबा दोन दिवस जेवले नव्हते. कपाट उघडताना त्यांना पातेलं दिसलं होतं. ते ओरडले नाहीत की रागावले नाहीत, फक्त भूक नाही म्हणाले. इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं न जेवणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. मी मिळेल त्या ट्रेननं निघाले.

बाबा पुढच्या खोलीत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि जे येताना घोकलं होतं ते बोलायला लागले: साखर, पाय, डोळे, किडनी. त्यांनी मला थांबवलं.

"माझ्यापासून अन्न लपवलं," ते म्हणाले. "माझ्या आईनंसुद्धा लपवलं नव्हतं. तिनं माझ्यासमोर कुत्र्यांना टाकलं होतं."

दारात उभी असलेली आई रडायला लागली. तीन वर्षं मी लोकांना खाणं शिकवत होते, आणि बाबांच्या जेवणाला मी मनातल्या मनात हावरटपणा म्हणत होते. तसं नाव घेतलं नव्हतं, पण ताटली आणली तेव्हा मनात तेच होतं. मी म्हटलं, "चूक माझी आहे. आईला मी सांगितलं होतं."

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आईला पातेलं ओट्यावर ठेवायला सांगितलं. झाकण काढलं. मग स्वतःच्या हातानं ताटात एक पोळी, दोन डाव वरण आणि भाजी घेतली. थोडा वेळ पातेल्याकडे बघत उभे राहिले आणि झाकण घालून जेवायला बसले.

"आता कुणी वाढायचं नाही," त्यांनी सांगितलं. "दुसऱ्यानं घातलं की मला टाकता येत नाही. घेईन ते मी घेईन."

तेव्हापासून घरात तसंच चाललं. सगळं समोर असायचं आणि बाबा स्वतः घ्यायचे. काही दिवस जास्त घेत, काही दिवस बेतानं. साखर कधी पूर्ण ताब्यात आली नाही. पुढं त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पण ते चालत राहिले. माझ्या पेशंटना मी तेव्हापासून आधी विचारायला लागले की घरी तुम्हांला कोण वाढतं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

वैशाख पौर्णिमेला बुद्ध विहाराच्या कार्यक्रमासाठी कम्युनिटी हॉल घेतला जायचा आणि सगळ्यांचं जेवण असायचं. शेवटची काही वर्षं बाबा तिथं भाताच्या पातेल्याजवळ काठी टेकून उभे राहत. आपल्याकडे वाढणाऱ्यानं आग्रह केला नाही तर पाहुण्याला कमीपणा वाटतो. बाबा आग्रह करत नसत. डाव हातात धरून विचारत, "किती?" आणि समोरचा सांगेल तेवढंच घालत. एक वयस्कर गृहस्थ एकदा थोडे रागावले. म्हणाले, एवढंसं काय वाढता, आम्ही काय पोटभर जेवू नये?

"जेवा की," बाबा म्हणाले. "संपलं की परत या. मी इथंच आहे."

ते गृहस्थ दोनदा परत आले. बाबांनी दोन्ही वेळा त्यांना विचारून वाढलं.